पोटात जंतू सापडला, पण मधुमेहाचा माग तिथे लागत नाही

पत्र : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. सव्वा वर्षापूर्वी तिला टाइप १ मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिन चालू आहे. गेले तीन-चार महिने तिचं पोट वरचेवर दुखतं, बहुतेक सकाळी शाळेच्या वेळेला, बेंबीच्या आसपास. दोनदा उलटीही झाली. साखर कधी ६० तर कधी ३००. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला की पोटातल्या 'एच. पायलोरी' नावाच्या जंतूमुळे लहान मुलांना मधुमेह होतो. आम्ही स्वतःच लॅबमध्ये जाऊन तिचं रक्त तपासून घेतलं, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नणंदेच्या ओळखीतल्या एका मुलाला या जंतूचा कोर्स दिल्यावर इन्सुलिन निम्म्यावर आलं म्हणे. सासूबाई म्हणतात, पोरीला बाहेरची पाणीपुरी खायला घालून तुम्हीच हे ओढवून घेतलंत. जंतू मारला तर मधुमेह जाईल का? मिस्टरांना पित्ताचा जुना त्रास आहे, मग घरातल्या सगळ्यांनीच कोर्स घ्यावा का? धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याचीही तपासणी करावी का?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. जंतू मारून तिचा मधुमेह जाणार नाही. त्या आशेवर इन्सुलिनचं एक युनिटसुद्धा कमी करू नका. आता तुमचं बरंचसं पत्र जंतूवर आहे आणि पोटदुखी-उलटीवर जेमतेम दोन ओळी आहेत. मला मात्र त्या दोन ओळींनीच जास्त काळजी वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचं पोट दुखलं आणि उलटी झाली, तर पहिली शंका जंतूची नव्हे, कीटोनची घ्यायची. शरीराला इन्सुलिन कमी पडलं की साखर रक्तात नुसती फिरत राहते, पेशींच्या पदरात काही पडत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. ते साठले की रक्त आम्लधर्मी होतं. अशा वेळी मुलाचं पोट दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि भरभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यात आलं. आणि मग हमखास होणारी चूक होते : "पोरीने काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला?" म्हणून डोस टाळला जातो. नेमकं तेव्हाच तिला इन्सुलिन हवं असतं. आजारपणात डोस कमी-जास्त करावा लागतो, पण रात्रीचं किंवा दिवसभर पुरणारं जे लांब पल्ल्याचं इन्सुलिन असतं, ते पूर्ण बंद कधीच करायचं नसतं. तिचं इन्सुलिन कोणतं आणि आजारी असताना ते किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा.

लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. एक डबी घरात आणून ठेवा. डबी उघडल्याची तारीख वर पेनने लिहा, कारण उघड्या डबीतल्या पट्ट्या काही महिन्यांत बाद होतात. पुढच्या वेळी पोट दुखलं की त्याच क्षणी दोन गोष्टी करा : बोट टोचून साखर बघा आणि पट्टीवर कीटोन बघा. साखर २५० च्या वर आणि पट्टी मध्यम किंवा गडद रंगाची झाली, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. त्यात उलट्या थांबत नसतील, श्वास जोरात चालत असेल किंवा पोरगी गुंगीत वाटत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. घरी रक्तातले कीटोन मोजायचं यंत्र असेल तर ०.६ पर्यंत ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर इमर्जन्सी. उलट साखर ७० च्या खाली असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर उतरल्यानेही सकाळी मळमळतं, पोटात कसंतरी होतं. "पोट दुखतंय" म्हणून सांगणाऱ्या मुलाला आत नक्की काय होतंय, ते वेगळं करून सांगता येत नाही.

त्या दोन उलट्यांच्या दिवशी साखर किती होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वहीत नोंद असेल तर आजच पान काढून बघा आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्या.

आता रिपोर्टकडे वळू.

तुम्ही जी तपासणी केलीत ती बहुधा रक्तातल्या अँटिबॉडीची, म्हणजे जंतूशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्यांची, रिपोर्टवर 'आयजीजी' असं लिहिलेलं असेल. ती एवढंच सांगते की या जंतूशी तिच्या शरीराची कधीतरी गाठ पडली होती. जंतू आज पोटात आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. जंतू जाऊनही अँटिबॉडी बरेच महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात सापडतात. म्हणूनच मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत मुलांसाठी ही रक्ततपासणी वापरूच नका असं स्पष्ट म्हटलं आहे. जंतू आत्ता आहे का हे बघायचं तर श्वासाची तपासणी, शौचातल्या अँटिजेनची (म्हणजे जंतूच्या अंशांची) तपासणी किंवा दुर्बिणीतून जठराचा तुकडा घेऊन केलेली तपासणी लागते. लॅबने रिपोर्ट चुकीचा दिला असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना न विचारता तपासणी निवडली की असं होतं : उत्तर खरं, पण प्रश्न भलताच.

आणि समजा जंतू आत्ताही आहे. तरी आपल्याकडे त्यात नवल काही नाही. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू राहत आलाय. भारतात तर मोठ्या माणसांत निम्म्याहून अधिकांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून तरी लागलेला असतो. त्यातल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. जठरातलं आम्ल भल्याभल्या जंतूंना मारतं, पण हा पठ्ठ्या युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं आम्ल निष्प्रभ करतो आणि जठराच्या चिकट अस्तरात घर करतो. तुमच्या आळीतल्या दहा मुलांचं रक्त तपासलं असतं, तर त्यांतल्या काहींचे रिपोर्ट असेच आले असते. मधुमेह मात्र त्यांना नाही.

हा जंतू निरुपद्रवी आहे असं नाही बरं का. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. जठराला सूज आणि अल्सर यामुळे होतात हे त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेईना, तेव्हा मार्शलनी १९८४ मध्ये हे जंतू एका द्रवात कालवून स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, जठर सुजल्याचं दुर्बिणीत दिसलं. पुढे जगभर दिसून आलं की जंतू मारला की अल्सर बरा होतो आणि सहसा परत येत नाही. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला जठराच्या कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं होतं.

हे एवढं सांगितलं ते पुराव्यासाठी. जठराच्या बाबतीत जंतू पोटात गेला तर सूज येते आणि जंतू काढला तर अल्सर जातो, हे दोन्ही दिसलं. मुलांच्या मधुमेहाच्या बाबतीत यातलं एकही दिसलेलं नाही.

मग मेसेज आला कुठून? अगदीच हवेतून नाही. इटली, तुर्कस्तान, पोलंड, इजिप्त, इराण अशा देशांत डॉक्टरांनी टाइप १ ची मुलं आणि बाकीची मुलं यांची तुलना करून पाहिली. काही ठिकाणी मधुमेही मुलांत जंतू जास्त सापडला, काही ठिकाणी दोन्हीकडे सारखाच निघाला. काहींना जंतू असलेल्या मुलांची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी जास्त दिसली, काहींना तसं काही दिसलं नाही. यातले बहुतेक अभ्यास म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो आहे : मधुमेह आधीच झालेला आहे, जंतू आज सापडला. आधी कोण आलं, हे फोटोत दिसत नाही. शिवाय लहान घर, जास्त माणसं, पाण्याची अडचण, हातात पैसा कमी असेल तर जंतू लागायची शक्यता वाढते आणि साखर ताब्यात ठेवणंही अवघड होतं. मग दोन्ही गोष्टी एकाच मुलात दिसतात, एकीने दुसरी आणली म्हणून नव्हे. मोठ्या माणसांतल्या टाइप २ मधुमेहाचा आणि या जंतूचा संबंध शोधणारं संशोधन आणखी वेगळं आहे. ग्रुपवरचे मेसेज 'मधुमेह' हा एकच शब्द ठेवून दोन्हींची खिचडी करतात.

याउलट एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. फिनलंड आणि रशियाच्या सीमेवर कारेलिया नावाचा प्रदेश आहे, काही भाग इकडे, काही तिकडे. टाइप १ मधुमेहाला पोषक जनुकं दोन्हीकडच्या मुलांत साधारण सारखीच आढळतात. तरीही फिनलंडमध्ये मुलांना हा मधुमेह रशियन कारेलियाच्या सहापट होतो. फिनलंडचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे दरवर्षी ६० च्या आसपास नवे रुग्ण तिथे निघालेले आहेत. आणि एच. पायलोरीच्या अँटिबॉडी कोणत्या बाजूच्या मुलांत जास्त सापडल्या? रशियन बाजूच्या, कित्येक पटींनी. फिनलंडच्या लखलखीत स्वच्छ घरांत हा जंतू मुलांमध्ये दुर्मीळ झाला आहे आणि मधुमेह मात्र तिथेच सर्वांत जास्त. म्हणजे जंतू मधुमेहापासून वाचवतो असं मी सांगत नाही, कृपा करून तसा मेसेज पुढे पाठवू नका. एवढंच की मधुमेह आणणारा जंतू तो असता, तर आकडे बरोबर उलटे दिसायला हवे होते.

टाइप १ मध्ये खरं काय होतं, तर शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. ज्यांच्या रक्तात काही ठरावीक जनुकं असतात त्यांच्यात हे घडायची शक्यता जास्त, पण जनुकं असूनही बहुतेकांना काही होत नाही. बाहेरची कुठलीतरी ठिणगी लागते. संशयितांच्या यादीत सध्या सर्वांत वर आतड्यात वाढणारे एंटेरोव्हायरस आहेत, विशेषतः कॉक्सॅकी गटातले. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन इथली आठ हजारांवर मुलं जन्मापासून डोळ्यांखाली ठेवणारा 'टेडी' नावाचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात हे विषाणू ज्या मुलांच्या शौचात दीर्घकाळ सापडत राहिले, त्यांच्यात ही बिघाडाची प्रक्रिया सुरू व्हायची शक्यता जास्त दिसली. पण 'हेच कारण' असं म्हणायला अजूनही कुणी धजावत नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या सासूबाईंच्या पाणीपुरीशी थेट संबंधित आहे. बीटा पेशींवर हल्ला सुरू झाल्याची पहिली खूण, म्हणजे रक्तातल्या विशिष्ट अँटिबॉडी, पुष्कळ मुलांत वयाच्या नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच दिसू लागतात. लक्षणं त्यानंतर कित्येक महिन्यांनी, बहुतेकदा वर्षांनी येतात. तुमच्या मुलीला आठव्या वर्षी तहान-तहान होऊ लागली, पण आत हे कदाचित ती अंगणवाडीत जायच्या आधीपासून चालू असेल. आठवड्याच्या बाजारात खाल्लेल्या पाणीपुरीने हे झालेलं नाही, गोड खाल्ल्याने झालेलं नाही, तुम्ही गरोदरपणात काही चुकीचं खाल्लं म्हणूनही झालेलं नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांच्या बोलण्यामागेही भीतीच आहे. नातीला रोज सुई टोचताना पाहणं आजीला सोपं नसतं आणि दोष द्यायला पाणीपुरीची गाडी समोर दिसते. त्यांना एखादं काम सोपवा. कीटोनची पट्टी वाचायला शिकवा, साखर उतरली तर काय द्यायचं ते दाखवा. दुपारी तुम्ही घरी नसताना ते कुणाला तरी यायलाच हवं.

नणंदेच्या ओळखीतल्या मुलाचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, हे खरं असू शकतं. मला त्यात खोटं वाटत नाही. टाइप १ चं निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो, त्या पुन्हा थोडं काम करू लागतात आणि काही आठवड्यांत इन्सुलिनची गरज खाली येते. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. काही मुलांत तो काही महिने चालतो, काहींत वर्षभर किंवा त्याहून जास्त. मग उरलेल्या पेशीही जातात आणि डोस पुन्हा वाढतो. या काळात मुलाला जे काही दिलं जातं त्याला श्रेय मिळतं : कारल्याचा रस, कुणाचा काढा, कुणाचा अंगारा, कुणाच्या ओळखीतला जंतूचा कोर्स. त्या मुलाचा कोर्स याच काळात झाला असेल, तर डोस तसाही उतरणारच होता. तुमच्या मुलीला सव्वा वर्ष झालंय, तिचा हनिमून आता सरत आला असेल. तिची साखर अलीकडे जास्त वर-खाली होतेय, त्यामागे हेही एक कारण असू शकतं आणि त्यावर उपाय आहे डोस नव्याने बसवून घेणं. जंतू मारून टाइप १ च्या मुलांची साखर सुधारते का, हेही तपासून झालं आहे. भरवशाने सांगता येईल असा फायदा दिसलेला नाही, उलट काही ठिकाणी अशा मुलांत जंतू परत लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

आता ६० आणि ३०० यांच्यामधली ही धावपळ. त्यासाठी आज रात्री एक साधी गोष्ट करा. तिला आडवं झोपवा आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना, जिथे सुई देता तिथे, बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपा. मग मांड्या आणि दंड. कुठे रबरासारखा जाडसर, मऊ फुगवटा हाताला लागतो का? मुलं नेहमी एकाच जागी सुई मागतात, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही कारण तिथली चरबी सुजून बधिर झालेली असते. अशा जागी दिलेलं इन्सुलिन कधी अडकून बसतं, कधी एकदम सुटतं. आज ३००, उद्या ६०. अशी गाठ सापडली तर ती जागा काही महिने पूर्ण सोडा, पण जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस थोडा कमी करावा लागतो, कारण चांगल्या जागेतून तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं. प्रत्येक वेळी नवी सुई वापरता का, हेही स्वतःला विचारा. परवडत नाही म्हणून एकच सुई आठवडाभर वापरणारी घरं पुष्कळ आहेत, मी दोष देत नाही, पण या गाठी त्याने वाढतात.

शाळेच्या वेळेला, बेंबीभोवती दुखणारं पोट हे लहान मुलांत फार नेहमीचं दुखणं आहे आणि त्यामागे पुष्कळदा बद्धकोष्ठता निघते. शाळेतलं संडास घाण असतं, पोरी दिवसभर रोखून धरतात. शौचाला रोज होतं का, घट्ट होतं का, हे तिला एकटीला गाठून विचारा. आणखी एक गोष्ट विचारा : शाळेत डब्याच्या आधी इन्सुलिन कोण देतं, कुठे बसून, कोण बघतं? नऊ वर्षांच्या मुलीला वर्गासमोर फ्रॉक वर करून सुई घ्यावी लागत असेल, तर सकाळी सातला तिचं पोट खरोखरच दुखतं. ते नाटक नसतं. बाईंशी बोलून एखादी आडोशाची जागा मिळवा.

आणि एक तपासणी मात्र नक्की करून घ्या, ती जंतूची नाही, सीलिअ‍ॅक आजाराची. यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. टाइप १ असलेल्या मुलांत हा आजार इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण दोन्हींमागची जनुकं बरीचशी सामाईक आहेत. पोटदुखी, पोट फुगणं, उंची न वाढणं, रक्त कमी असणं, साखर अचानक उतरणं ही त्याची लक्षणं. मधुमेह निघाला तेव्हा, मग दोन वर्षांनी, पाच वर्षांनी आणि मध्ये लक्षणं दिसली तर केव्हाही ही तपासणी करायची असते. रक्तात 'टीटीजी आयजीए' आणि त्याच वेळी एकूण आयजीए बघतात. पंजाब-हरियाणाकडे डॉक्टरांना हा आजार चटकन आठवतो. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या भाकरीच्या घरांत तो मागे राहतो, पण हल्ली डब्याला पोळी, नाश्त्याला बिस्किटं आणि मॅगी असतेच. एक सांभाळा, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट साफ येतो. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या.

मग एच. पायलोरीचा विचार कधीच करायचा नाही का? करायचा, पण खुणा असतील तरच. रात्री झोपेतून पोटदुखीने उठत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं, वजन उतरत असेल, लोहाचं औषध नीट देऊनही रक्त वाढत नसेल, तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जा. ते गरजेप्रमाणे दुर्बिणीने आत बघतील, तुकडा तपासतील आणि अल्सर निघाला तर कोर्स देतील. तो कोर्स म्हणजे आम्ल कमी करणारं औषध आणि सोबत दोन किंवा जास्त अँटिबायोटिक, बहुतेक वेळा चौदा दिवस. त्यात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर त्याने तोंड कडू होतं, मळमळतं, जुलाब होतात. इतर मुलाचं यात दोन दिवस जेवण कमी झालं तर बिघडत नाही. तुमच्या मुलीने इन्सुलिन घेतलं आणि जेवण उलटून पडलं, तर साखर खाली जाते. म्हणून तिला हा कोर्स लागलाच, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगून, आजारपणाचा तो कागद हाताशी ठेवून. मेडिकलवाल्याने दिलेली 'एच. पायलोरी किट' तिला देऊ नका. आपल्या देशात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोन्ही अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू मुबलक झाले आहेत, ते असेच.

घरातल्या सगळ्यांनी कोर्स घ्यायचा तर मुळीच नाही. मिस्टरांचं प्रकरण वेगळं आहे. वर्षानुवर्षं पित्त होतंय आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू असेल, तर त्यांनी स्वतःसाठी म्हणून पोटविकारतज्ज्ञांना दाखवावं. मोठ्या माणसात जंतू सापडला तर तो मारण्यात फायदा आहे, अल्सर आणि जठराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर पित्ताची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधीपासून बंद लागते, नाहीतर जंतू असून दिसत नाही. गिळताना अडकतं, वजन घटतंय, काळं शौच होतंय, असलं काही असेल तर तपासणीची वाट न बघता दुर्बिणीचं आधी विचारा. ते मुलीसाठी नाही, त्यांच्यासाठी.

धाकट्याला जंतूची तपासणी नको. हात धुणं, पिण्याचं पाणी उकळणं, कुणीही घास चावून त्याला न भरवणं, एवढं पुरे. त्याला टाइप १ होण्याची शक्यता शेजारच्या मुलापेक्षा जास्त आहे, भावंडांत साधारण शंभरात पाच. म्हणजे पंच्याण्णव जणांना होत नाही. पण तो रात्री उठून पाणी मागू लागला, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करू लागला, भरपूर खाऊनही बारीक होत चालला, तर त्याच्या ताईचं ग्लुकोमीटर घरातच आहे. सकाळची वाट न बघता तेव्हाच त्याचं बोट टोचा, आणि आकडा २०० किंवा त्याच्या वर आला तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, त्याला डॉक्टरांकडे न्या.